सगळ्यांचा एकच भाव

जानकीबाई : सही करीन की रे. भावानी मागितली आन भैनीनी दिली न्हाय, असा कवा झालाय? पन आधी वाचून दाखव.

काळूराम : वाचायचा काय त्याच्यात, ताई? वकिलानी बनवलाय. खाली पेन्सिलीनी फुली मारलीय ना, तिथं सही कर. बाकीचा मी बगतो.

जानकीबाई : अंजूरच्या जमिनीच्या टायमाला पन असाच बोल्लास. "ताई, फुलीवर सही कर." केली. हक्क सोडला तां मना घरी आल्यावर पोरांनी सांगितला. तां जाऊं दे, मागितला असतास तं राजीखुशीनी सोडला असता. पन आता म्हातारपनी हौस आलीय मना. वाच.

काळूराम : चष्मा घरी राह्यला.

मृणाली : मामा, खिशात आहे तुमच्या.

काळूराम : तो लांबचा हाय.

मृणाली : मघाशी तोच लावून फोनवर मेसेज वाचत होतात.

जानकीबाई : ही माझी सून लई बारीक बगते हां, काळू. हिच्यासमोर खोटा बोलायचा तं आधी तयारी करून यायचा. दुपारच्या उन्हात अंजूरवरनं गणेशपुरीपर्यंत स्कूटर हानत आलास, आन वाचायची येळ आली तं चष्मा लांबचा झाला?

काळूराम : मृणाली, तू जरा आत जा ना बाय. आमी भाऊभैन बोलतो.

जानकीबाई : ती कुठं न्हाय जायची. गटाचे समदे कागद तीच बगते. बस गो मृणाली. हां, वाच तू.

(काळूराम चष्मा लावतो. कागद लांब धरतो, जवळ घेतो, पुन्हा लांब धरतो. आता वाचल्याशिवाय सुटका नाही हे त्याला कळून चुकलंय.)

काळूराम : "मी, श्रीमती जानकीबाई, वय चौसष्ट, राहणार गणेशपुरी, वज्राई महिला गटाची अध्यक्ष, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, आमचा गट कापडी पिशव्या शिवतो. त्याकरिता लागणारे कोरे कापड आम्ही अंजूर विभाग यंत्रमागधारक संघाच्या सदस्यांकडून घेतो. संघाचे अध्यक्ष श्री. काळूराम..." तां मी.

जानकीबाई : तू कोन तां मना ठाव हाय. फुडं.

काळूराम : "संघाने कापडाचा दर ठरविल्यामुळे आमच्या गटाचे..." ताई, उन्हातनं आलोय, जरा घसा...

जानकीबाई : फुडं.

काळूराम : "...कोणतेही नुकसान झालेले नाही. आमचे काम पूर्वीप्रमाणे सुरळीत चालू आहे."

जानकीबाई : कसा चालू हाय?

काळूराम : सुरळीत.

जानकीबाई : मृणाली, त्या मशनींवरची चादर काढ. मामाला सुरळीत दाखव.

मृणाली : बारा मशिनी आहेत, मामा. चालते ही एक. तीही मीच चालवते, पोरांचे गणवेश उसवले तर शिवून द्यायला. बाकीच्या बायका घरी बसल्यात. गुणाबाई तर कंपनीच्या बसनं पहाटे पूर्ण्याला जाते, गोडाउनमध्ये पार्सलवर चिकटपट्ट्या लावायला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दहा दहा तास उभी.

काळूराम : मना कोनी सांगितला न्हाय.

जानकीबाई : इचारलास कवा? भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलास, करंजी तोंडात असतानाच फोन आला म्हनून उठलास. चादर तवा पन पडलेली व्हती. तुझी पिशवी तूच त्याच्यावर ठेवली व्हतीस.

काळूराम : धंद्याच्या गडबडीत ध्यानात न्हाय येत ताई.

जानकीबाई : बरं. आता ही सही तुला कशाला पायजेल तां नीट सांग. फोनवर दिल्ली दिल्ली करत व्हतास.

काळूराम : दिल्लीवरनं नोटीस आलीय. स्पर्धा आयोगाची. ते म्हनतात, तुमी समद्या लूमवाल्यांनी मिळून भाव बांधलात, हा गुन्हा हाय. भिवंडीतल्या कुठल्या तरी व्यापाऱ्यानी अर्ज केलाय. चाळीस जनांना नोटीस, पयला नाव माझा. उलाढालीवर दंड लावतात म्हने. आता वकील बोल्ला, गिऱ्हाईकाची तक्रार न्हाय असा कोनी लिवून दिला तं बरा. मंग माझ्या डोळ्यासमोर तूच आलीस. तू सांग ताई, एकी करनं गुन्हा हाय? शाळेत गुरुजींनी काय शिकवला? एकीत बळ. आन एकी केली तं दंड!

मृणाली : एकी करणं गुन्हा नाही, मामा. मोर्चा काढा, सरकारकडे मागण्या करा, कोण अडवतंय? पण एकमेकांच्या स्पर्धेत माल विकणाऱ्यांनी मिळून भाव बांधायचा आणि कमी भावात देईल त्याला धंद्यातून उठवायचं, हे चालत नाही. कारण मग गिऱ्हाईकाला दुसरं दार राहत नाही.

काळूराम : तुला कोनी सांगितला?

मृणाली : माझी मैत्रीण सुकन्या ठाण्याला वकिलाकडे कामाला आहे. तिला विचारलं.

काळूराम : वा! म्हंजे हितं बसून माझ्याच केसचा अभ्यास चाललाय.

जानकीबाई : तिचा काम गेलाय, काळू. रिकाम्या मानसानी अभ्यास न्हाय करायचा तं काय करायचा?

काळूराम : आरं पन आमी चोरून केला काय? गावदेवीच्या देवळात बसलो. चाळीस जनांनी नारळावर हात ठेवला, अडतीस रुपये मीटरच्या खाली कोरा कापड कोनी इकायचा न्हाय. वहीत सह्या केल्या. संघातला तरना पोरगा हाय ना, भाविक नावाचा, त्यानी कार्डं छापून आनली, वर गावदेवीचा फोटो, खाली लिवलेला, "आमचे येथे सर्वांचा एकच भाव." लॅमिनेशन करून प्रत्येक गाळ्यात टांगली. व्यापाऱ्यांना व्हॉट्सॅपवर पाठवली. गुन्हा करनारा मानूस असा फोटो पाठवतो काय?

मृणाली : तोच फोटो नोटिशीला जोडलाय ना?

काळूराम : पयल्याच पानावर. रंगीत.

जानकीबाई : देवीला पन आरोपी करून दिल्लीला पाठवलात! धन्य रे बाबांनो तुमची.

मृणाली : आणि सह्यांची वही?

काळूराम : ती हाय. स्कूटरच्या डिकीत. भाविक म्हनतो, खाडीत टाक नि मोकळा हो. परवा गेलो पन व्हतो. बांधावर उभा राह्यलो. पयल्या पानाला हळदकुंकू लावलाय, देवीचा नाव हाय. हात व्हयना.

जानकीबाई : निर्माल्य तं आपन खाडीतच सोडतो.

काळूराम : मस्करी नको करू ताई. तीन रात्री झोप न्हाय मना.

जानकीबाई : मस्करी न्हाय करत. मना एक सांग. ती बाहेरच्या देशाची कापडं येत व्हती तवा तू काय भावात देत व्हतास?

काळूराम : एकोनतीस. तां पन रडत.

मृणाली : आणि बाहेरचं सव्वीसला मिळायचं, पूर्ण्याच्या गोडाउनवर. त्या देशाशी करार झाला, ड्युटी गेली आणि कापड उतरलं. दोन वर्षं, मामा. त्या दोन वर्षांत गटानं चार नव्या मशिनी घेतल्या. वज्रेश्वरीच्या प्रसादाच्या दुकानांना अकरा रुपयांना पिशवी देत होतो, तरी बायकांच्या हातात चार पैसे उरायचे.

काळूराम : तुमच्या मशनी वाढल्या, पन आमचे लूम भंगारात चालले व्हते. रोज अंजूरमधी कोनाचा तरी गाळा बंद. यूपी-बिहारची पोरं गाठोडी बांधून गावाला निघाली. माझ्याकडचा एक कारागीर पाया पडून गेला, "सेठ, खुलेगा तो बुलाना." तां पन बगा ना! मोर्चा मी काय हौसेनी काढला?

जानकीबाई : कोन म्हनतो हौसेनी? मी न्हवते काय मोर्च्यात? तुझ्या एका फोनवर बारा बायका घेऊन आले. ज्या कापडाच्या पिशव्या शिवत व्हतो त्याच कापडाच्या इरुद्ध घोषना देत प्रांताच्या हापिसासमोर उन्हात बसलो. गुणाबाई माझ्या कानात बोल्ली, "जानकीताय, यात आपलाच नुकसान हाय गो." मी तिला काय बोल्ले ठाव हाय? "झाला तं झाला. भावाचा लूम बंद पडला तं माझा माहेर बंद पडल."

काळूराम : ताई...

जानकीबाई : आन तू माईकवर काय बोल्लास? "ह्या बगा आमच्या भैनी! बाहेरचा कापड थांबवा, आमच्या भैनींना भिवंडीचा कापड आमी परवडंल त्या भावात देऊ!" हात दुखंपर्यंत टाळ्या वाजवल्या मी.

मृणाली : व्हिडिओ आहे माझ्याकडे अजून.

काळूराम : असंल.

मृणाली : मग सरकारनं ऐकलं. एका ठरावीक भावाच्या खाली बाहेरचं कापड आत येणार नाही असा नियम झाला. पेढे तुम्हीच पाठवलेत. आणि तीन महिन्यांत देवळात बैठक.

काळूराम : तीन न्हाय. चार.

जानकीबाई : बरं, चार.

काळूराम : मना बोलू दे. पयल्या दिवशी मी पन नको बोल्लो व्हतो. भाविक म्हनला, "काका, आता बाहेरचा माल येनार न्हाय. आता गिऱ्हाईक जाईल कुठं? इतकी वर्सं व्यापाऱ्यांनी आपल्याला पिळून काढला, आता आपली पाळी." चाळीस जन माझ्या तोंडाकडं बगत व्हते. अध्यक्ष काय बोलतात, अध्यक्ष काय बोलतात. आन खोटा कशाला सांगू, मना पन बरा वाटला. जल्मभर दुसऱ्याच्या भावानी माल दिला, एकदा आपल्या भावानी देऊ. पयला नारळ मीच हातात घेतला.

मृणाली : आणि व्यापाऱ्यांनी दिले अडतीस?

काळूराम : कुठले देतात! मोठ्यांनी सुरतेवरनं ट्रक भरून आनले. आपल्याकडं राह्यले कोन? शंभर-दोनशे मीटर घेनारे. ज्यांना सुरतेला जाता येत न्हाय ते.

जानकीबाई : म्हंजे आमी.

काळूराम : हं.

मृणाली : मी, आई आणि गुणाबाई, तिघी चौदा गाळे फिरलो होतो त्या आठवड्यात. कोणी छत्तीसला देतं का, पस्तीसला देतं का. चौदा ठिकाणी तेच कार्ड. गुणाबाई वेडी, प्रत्येक गाळ्यात शिरली की आधी देवीच्या फोटोला हात जोडायची. चौदा वेळा हात जोडले तिनं, आणि चौदा वेळा अडतीस.

जानकीबाई : दार उघडा व्हता तवा तुमच्यातल्या कोनाची हिंमत न्हवती, काळू. तुमच्यासाठी आमीच धरून दार लावला. आन दार लागल्यावर तुमी घरातल्याच मानसाचा गळा धरलात.

काळूराम : गळा न्हाय ग धरला. भाव वाढला म्हंजे काय गळा...

जानकीबाई : न्हाय धरला?

काळूराम : धरला.

जानकीबाई : आन रामनाथचा?

काळूराम : त्याचा नाव कशाला काढतेस आता?

जानकीबाई : का नको काढू? तुझ्या बाजूच्या गाळ्यातला. लहानपनी एका ताटात जेवलात दोघं. माझ्या हळदीला नाचून नाचून पाय मुरगाळून घेतला त्यानी, लग्नाला लंगडत आला.

काळूराम : त्यानी शपथ मोडली! नारळावर हात ठेवून अडतीस कबूल केला, आन मागल्या दारानी तेहतीसला इकला. माझा तं पक्का संशय हाय, हा अर्ज पन त्यानीच त्या व्यापाऱ्याकडनं करवलाय.

मृणाली : त्यांची बीम थांबवली म्हणतात सगळे. म्हणजे नक्की काय केलंत? माझ्या माहेरी माग नव्हता, मला समजेल असं सांगा.

काळूराम : तो जाड रूळ अस्तो बग लूमच्या मागं, त्याला बीम म्हनतात. सायझिंगच्या कारखान्यात सुताला खळ लावून त्याच्यावर गुंडाळून देतात. बीम आली न्हाय तं लूम उभा. तं सायझिंगवाल्याला सांगितला, रामनाथला बीम द्यायची न्हाय. दिलीस तं आमी बाकीचे एकोनचाळीस जन तुझ्या दारात येनार न्हाय.

मृणाली : कोणी सांगितलं?

काळूराम : संघानी.

जानकीबाई : संघाला तोंड अस्तंय काय रे?

काळूराम : मी. फोन मीच लावला.

मृणाली : किती दिवस थांबली?

काळूराम : दीड महिना. मंग त्यानी आठ लूम भंगारवाल्याला दिले, किलोवर. तो ट्रक माझ्या गाळ्यासमोरनं गेला. मी आतच बसलो व्हतो. माझे समदे लूम चालू व्हते, आवाजात काय ऐकू येत न्हाय, तरी तो ट्रक मना ऐकू आला. भायेर न्हाय आलो मी.

जानकीबाई : त्याच्या आदी मीटिंगमधी उभा केलात ना त्याला? काय इचारलास?

काळूराम : इचारला, कोनाला इकलास? गिऱ्हाईकाचा नाव सांग, माफी माग, बीम सोडतो. यवढाच. नाव सांगितला असता तं सुटला असता तो.

जानकीबाई : मंग?

काळूराम : खाली मान घालून उभा. नाव न्हाय सांगितला. मी बोल्लो, "बगा, चोराला गिऱ्हाईकाचा नाव घ्यायची पन लाज वाटते." समदे हसले.

जानकीबाई : माझा नाव व्हता तां.

काळूराम : काय?

जानकीबाई : ते चौदा गाळे फिरलो ना, त्याच्यात तुझा गाळा शेवटचा. तू भिवंडीला गेला व्हतास. कार्ड टांगलेला व्हता, मृणालीनी वाचून दाखवला. सर्वांचा एकच भाव. मंग भावाकडं येगळा काय मागायचा? उठले. भायेर येऊन रडायला आला मना, म्हातारीला, भर रस्त्यात. रामनाथ धावत आला. बोल्ला, "जानकीताय, माहेरी येऊन रडतेस?" आन दोनशे मीटर टेम्पोत घालून दिला. तेहतीसनी. बोल्ला, "काळूला कळू देऊ नको. त्याची अध्यक्षाची खुर्ची हाय." चार वेळा दिला त्यानी असा.

काळूराम : तू... तू तवाच का न्हाय बोल्लीस ताई?

जानकीबाई : मना मीटिंगचा कुठं ठाव व्हता? लूम गेल्यावर कळला. त्याच्या घरी गेले. बोल्ले, "अरे येड्या, माझा नाव घ्यायचास ना, सुटला असतास." तं बोल्ला, "चाळीस जनांसमोर कसा घेऊ? अध्यक्षाच्या भैनीनीच कमी भावात नेला असा झाला असता. मंग काळूनी तोंड कुठं दाखवला असता?"

मृणाली : मामा... मामा, पाणी देऊ?

काळूराम : नको. समद्यांच्या आदी मी हसलो व्हतो, मृणाली. मी हसलो म्हनून ते हसले.

जानकीबाई : आन पेन.

काळूराम : काय?

जानकीबाई : पेन दे. सही करते. बोलायचा तां बोलून झाला. पोटात ठेवून मना अन्न ग्वाड लागत न्हवता. आता तुझा काम करून टाकते.

मृणाली : आई, काय करताय? हे खोटं आहे. शपथेवर खोटं लिहून द्यायचं?

जानकीबाई : खोटा हाय तां कळतंय मना. त्यानीच मघाशी वाचून दाखवला. पन परक्या रामनाथनी ह्याचा तोंड राखला, आन मी सख्खी भैन असून न्हाय राखला तं माझा काय उपेग? दे रे पेन.

काळूराम : नको करू.

जानकीबाई : आता का? यवढा उन्हातनं आलास तां कशाला?

काळूराम : नको म्हनतो ना! सोड तो कागद. सोड ताई. तू शिव्या दिल्या असत्यास, दारातनं हाकलला असतास, तं मी कसा पन करून सही घेऊनच गेलो असतो. रस्ताभर तेच जुळवत आलो. रडली तं काय बोलायचा, ओरडली तं काय बोलायचा. आईची आन घालायची पन ठरवला व्हता. तू पेन मागशील असा न्हवता वाटला. मना लाज वाटते ग. तुझ्या तोंडाकडं बगायची लाज वाटते.

जानकीबाई : मंग नको बगू. पन बस खाली. असा उभा राहून रडू नको, शेजारी बगतील.

मृणाली : कागद फाडलात तुम्ही, मामा.

काळूराम : फाडला. वकिलाला काय सांगायचा तां बगू. तू अभ्यास केलायस ना? आता तूच सांग, काय करू?

मृणाली : एक रस्ता आहे. सुकन्या सांगत होती. अशा संघातला जो माणूस सगळ्यात आधी स्वतःहून जाईल, सगळं खरं सांगेल, पुरावा देईल, त्याचा दंड जवळजवळ पूर्ण माफ होऊ शकतो. त्याच्या मागून जाईल त्याला कमी माफी. तिसऱ्याला आणखी कमी. आणि पुरावा म्हणजे तीच वही, तुमच्या डिकीतली.

काळूराम : थांब, थांब. भाव मी बांधला. नारळ मी उचलला. बीम मी थांबवली. आन आता खरा बोलून पन पयला मीच सुटायचा? बाकीच्यांनी दंड भरायचा नि मी हात झटकून घरी?

मृणाली : नियम तसाच आहे. जो आधी गेला त्याचा.

काळूराम : झकास नियम. पापाच्या येळेला पयला, माफीच्या येळेला पन पयला.

जानकीबाई : नोटिशीत रामनाथचा पन नाव हाय काय रे?

काळूराम : हाय. एकोनिसावा. वहीत त्याची पन सही हाय ना.

जानकीबाई : अरे देवा. लूम गेले, आन दंड मागं लागला?

काळूराम : मृणाली, वही न्यायला अध्यक्षच पायजेल असा काय हाय?

मृणाली : नाही. त्या ठरावात सामील असलेला कोणीही.

काळूराम : रामनाथनी नेली तं?

मृणाली : तर पहिला तो. पण त्याला सगळं सांगावं लागेल, मामा. तुमचं नाव, तुमचा फोन, सायझिंगवाला, मीटिंग. काही लपवून चालणार नाही.

काळूराम : त्याला सांगायला काय? त्याच्यावरच तं झालाय समदा. त्यालाच जाऊ दे पयला. मी त्याच्या मागनं जाईन, न्हायतं चाळिसावा जाईन. मना काय व्हायचा तां होऊ दे.

मृणाली : आणि गावात बोलतील त्याचं काय? देवीची शपथ अध्यक्षानंच मोडली म्हणतील.

काळूराम : बोलू देत. अडतीसचा भाव आमी देवीला कुठं इचारला व्हता? आमीच ठरवला नि तिला फोटोत उभी केली. मृणाली, मी वही डिकीतनं काढून देतो. उद्या तू सुकन्याला घेऊन त्याच्याकडं जा. माझा नाव नको काढू, म्हनावा संघानी पाठवली.

जानकीबाई : संघानी?

काळूराम : बरं, मी पाठवली म्हनावा.

जानकीबाई : मृणाली न्हाय जायची. तू जा. तुझ्या हातानी दे.

काळूराम : ताई, तेवढा नको सांगू. दंड भरतो, खुर्ची सोडतो, तू म्हनशील तं गटाला जल्मभर तेहतीसनी कापड देतो. पन त्याच्या फुडं जाऊन उभा राहायचा... माझ्यानी न्हाय व्हयाचा.

जानकीबाई : ठाव हाय, न्हाय व्हयाचा. तरी जा.

काळूराम : आन तो कुठं अस्तो तां पन मना धड ठाव न्हाय. ऐकलाय, कुठं तरी ड्युटी करतो. मी त्या बाजूचा रस्ताच सोडलाय.

जानकीबाई : पूर्ण्याला हाय. जिथं ती बाहेरची कापडं उतरायची, त्याच गोडावनच्या गेटवर. वॉचमन. गुणाबाईला रोज भेटतो, डब्यातली भाकरी देतो तिला. दुपारची शिफ्ट हाय, रात्री आठला सुटतो. आता निघालास तं गावंल.

काळूराम : फोन करतो त्याला. भायेर टपरीवर बोलावतो, चहा घेता घेता...

जानकीबाई : ड्युटीवरनं हालत न्हाय तो. मी गेले व्हते, तरी गेटवरच बोल्ला. रजिस्टर हाय तिथं. वळखीचा असला तरी लिवून घेतो. नाव, गाव, गाडीचा नंबर, कोनाला भेटायचा.

काळूराम : लिवीन.

जानकीबाई : शेवटाला एक रकाना हाय, काय काम म्हनून. तो रिकामा सोडला तं गेट उघडत न्हाय तो.